गाळातले तीस आकडे

मित्रांनो, मी एक जुनी मोजपट्टी आहे. पाणी मोजणारी. दोन मीटर लांब, चार बोटे रुंद, पांढऱ्या रंगावर काळ्या-तांबड्या खुणा. दर सेंटीमीटरला एक बारीक आकडा आणि दर दहा सेंटीमीटरला एक मोठा. फरगाना खोऱ्यात जिदाली नावाचा एक पाट मोठ्या कालव्यातून फुटतो. त्याच्या तोंडाशी मी बेचाळीस वर्षे पाण्यात उभी होते. आता मी पाणी कार्यालयाच्या कोठीत दाराआड उभी आहे. माझ्या गळ्यात तारेने एक पुठ्ठा बांधला आहे. त्यावर लिहिले आहे, 'पुरावा क्रमांक तीन'.

पुरावा क्रमांक एक म्हणजे एक फावडे. क्रमांक दोन म्हणजे एक टोपी. तीही इथेच आहेत, माझ्या शेजारी. आम्ही तिघे कोणत्या गुन्ह्याचा पुरावा आहोत, ते आज तुम्हाला सांगते.

मी सायबेरियातल्या पाइनच्या लाकडाची. रेल्वेने आलेल्या एका फळीतून मला कापले, घासले आणि तेलरंगाचे तीन हात दिले. आकडे काढणाऱ्या रंगाऱ्याने घाई केली आणि वीस ते तीस यांमधले अंतर दोन मिलीमीटर कमी पडले. पाणी मोजणाऱ्या बाई आल्या, त्यांनी पोलादी पट्टी लावून पाहिली आणि काही न बोलता सगळे आकडे खरवडून काढायला लावले. मी दुसऱ्यांदा रंगले. त्या बाईंचे नाव फ्ल्यूरा गारिफोव्ना. मूळच्या काझानच्या, तातार. उंच बूट घालत आणि मांडीपर्यंत पाण्यात उतरत.

एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये त्यांनी मला पाटाच्या तळाशी काँक्रीटच्या ठोकळ्यात उभे केले. माझा शून्य बरोबर तळाला टेकवला. मग दहा दिवस पाण्यात फिरकीचे यंत्र धरून त्यांनी एक तक्ता तयार केला. माझ्यावर पाणी वीस असेल तर पाटातून सेकंदाला किती लिटर जाते, चाळीसला किती, साठला किती. साठ म्हणजे चारशे लिटर. तो तक्ता त्यांनी एका तरुणाच्या हातात दिला. त्याचे नाव तुर्दीमात. वय चोवीस. त्याच वर्षी गावाने चायखान्यात बसून त्याला मिरोब निवडले होते. मिरोब म्हणजे तुमच्याकडचा पाटकरी, पाळीपाळीने पाणी सोडणारा.

तुर्दीमातचे वडील चक्कीवाले. पाण्यावर चालणारी त्यांची चक्की होती. आमच्याकडची जुनी माणसे पाणी चक्क्यांवरच मोजत. एक चक्की फिरवायला लागेल तेवढे पाणी म्हणजे एक चक्की. तुर्दीमातने तक्ता पाहून विचारले, चारशे लिटर म्हणजे किती चक्क्या? फ्ल्यूरा गारिफोव्ना हसल्या नाहीत. त्यांनी पाटाकडे पाहिले, हिशेब केला आणि म्हणाल्या, चार. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मी विसरले नाही.

"तुर्दीमात, नीट ऐक. ही पट्टी उंची सांगते. पाणी सांगत नाही. पाणी सांगतो तो तक्ता, आणि तक्ता खरा आहे तो या तळावर. तळ बदलला की तक्ता गेला."

"म्हणजे दर वर्षी बघायचं, फ्ल्यूरा-ओपा?" आमच्याकडे ओपा म्हणजे ताई आणि आका म्हणजे दादा.

"दर वर्षी. मी असेन तोवर मी बघीन."

त्या वीस वर्षे होत्या. दर वसंतात यायच्या, पाण्यात उतरायच्या, तळ चाचपायच्या. मग मोठा देश फुटून आमचा वेगळा झाला, कार्यालयाच्या दारावरची पाटी बदलली, फ्ल्यूरा गारिफोव्ना निवृत्त होऊन काझानला गेल्या. त्यांच्या जागी कोणी आले नाही. कागदावर ती जागा राहिली आणि ती आजही रिकामी आहे.

तरीही त्यानंतर तेरा वर्षे माझे काही बिघडले नाही. कारण तळ साफ ठेवणारे होते. आमच्याकडे दर मार्चमध्ये हशार होतो. हशार म्हणजे सगळ्या गावाने मिळून, विनामोबदला करायचे काम. पाटात पाणी येण्याआधी दोन्ही गावांची माणसे फावडी घेऊन येतात. वरचे गाव काराजिदा, अकरा किलोमीटर खालचे कुमकिश्लाक. सगळ्यांत वयस्क माणूस पहिला घाव घालतो. मग दोरीने मोजून घराघराला बारा-बारा पावले पाट वाटून देतात. कडेला कढईत ओश, म्हणजे आमचा पुलाव, शिजत असतो, गाजर आणि मटणाच्या वासाने माणसे भराभर हात चालवतात. माझ्या पायाशी बारा पावले तुर्दीमातच्या घराची. तो माझा शून्य हाताने पुसून काढायचा, एखाद्या लेकराचे नाक पुसावे तसा. त्या दिवसांत माझे कौतुक होते. लग्नाची वरात पुलावरून जाताना पाहुण्यांना दाखवत, ही आमची पट्टी, हिच्यावर दोन गावं चालतात.

मग कायदा आला.

मित्रांनो, मी कायद्याला नावे ठेवणार नाही. बेचाळीस वर्षे मी सरकारची नोकर होते आणि सरकारचे कागद माझ्यासमोर मोठ्याने वाचले गेले आहेत. कायदा चांगला होता. त्यात लिहिले होते की पाणी ही राष्ट्राची संपत्ती आहे, ते मोजूनच दिले पाहिजे, आणि वरच्या गावाइतकाच खालच्या गावाचा हक्क आहे. खोऱ्याखोऱ्याला कार्यालय मिळाले. गावांच्या पाणीवापर संस्था झाल्या. प्रत्येक पाटाचा वार्षिक कोटा ठरला. जिदालीचा कोटा सेकंदाला चारशे लिटर, म्हणजे माझ्यावर साठ. तीन दिवस काराजिदा, दोन दिवस कुमकिश्लाक.

कायद्याखाली एक नियमावली होती आणि तिच्या सतराव्या कलमात मी होते. मोजणीच्या ठिकाणी लोक गुरे पाजतात, कपडे धुतात, दगड टाकतात, त्यामुळे मोजणी बिघडते, म्हणून हे कलम. दोन हजार सातच्या उन्हाळ्यात कार्यालयाचा निरीक्षक नाझिमजोन एका रंगाऱ्याला घेऊन आला. दोन खांब रोवले, पत्रा ठोकला. नाझिमजोनने कागदावरून कलम वाचून दाखवले. त्यात दोन वाक्ये होती.

पहिले वाक्य: मोजणीच्या ठिकाणापासून दोन्ही बाजूंना दहा मीटर अंतरात खोदकाम, भराव किंवा सफाई करणाऱ्यास दंड होईल. दुसरे वाक्य: या अंतरातील गाळ दर वसंतात कार्यालयाने स्वतः काढावा आणि मोजणीचा तक्ता नव्याने करावा.

रंगाऱ्याने पत्र्यावर हाताने वीत मारली.

"इतकं मावायचं नाही, नाझिमजोन-आका. अक्षरं बारीक करू?"

"बारीक केलीस तर म्हाताऱ्यांना दिसणार कशी? पहिलं वाक्य लिही."

"आणि दुसरं?"

"दुसरं आपल्या ऑफिसचं काम आहे. लोकांना त्याच्याशी काय करायचंय?"

रंगाऱ्याने पहिले वाक्य लिहिले. तांबड्या रंगात, सुरेख अक्षरात. त्या दिवशी दुसरे वाक्य ऐकणारे तिघेच होतो. रंगारी पुढे परदेशी कामाला गेला. नाझिमजोनच्या हाताखाली एकोणचाळीस मोजणी-ठिकाणे होती, तो ते वाक्य विसरला. तो लाच खात नसे, हे मुद्दाम सांगते. गाडीत डिझेल नसले तर सायकलवर यायचा. त्याची चूक एवढीच, की तो विसरला. आणि मला तोंड नव्हते.

पुढच्या मार्चमध्ये हशार झाला. दोरी माझ्यापाशी आली आणि थांबली. लोकांनी पाटी वाचली. आमच्या लोकांना सरकारची भीती आहे, पण त्याहून जास्त सरकारचा मान आहे. त्यांनी दोरी उचलली, मोजून वीस मीटर पलीकडे नेली आणि तिथून पुन्हा बारा-बारा पावले वाटायला सुरुवात केली. तुर्दीमातला नवी बारा पावले मिळाली, पुलाच्या खाली. तो मान वळवून माझ्याकडे पाहत होता. "हिच्या पायाशी कुणीतरी बघायला पाहिजे," असे तो म्हणाला, तेव्हा काराजिदाचा एक म्हातारा हसला. "आता ती हुकुमताची सून आहे, तुर्दीमात. तिचे पाय तू कशाला धुतोस?"

सगळे हसले. तुर्दीमातही हसला.

पहिल्या वर्षी माझे चार आकडे गाळात गेले. दुसऱ्या वर्षी आणखी तीन. माझ्या वर आणि माझ्या खाली लोक पाट आरशासारखा साफ करत, आणि मधले वीस मीटर तसेच ठेवत. बायका पोरांना दटावत, तिथे खडा टाकू नका, सरकारी जागा आहे. हळूहळू माझ्या पायाशी पाटाला एक उंबरा तयार झाला. गाळाचा, चिकट, निळसर. पाणी त्या उंबऱ्यावर चढून पुढे जायचे.

तुम्ही लहान असलात तरी हे तुम्हाला कळेल. बादलीत तळाला वाळू भरली तर बादली लवकर भरलेली दिसते. माझे तसे झाले. रोज सकाळी तुर्दीमात यायचा, काठावर बसून माझ्यावरचा आकडा वाचायचा आणि मोठ्या कालव्याच्या दारावरच्या माणसाला फोन करायचा. पंचावन्न आहे, थोडं उचल. अठ्ठावन्न. साठ, बस कर. साठ झाले की दार थांबायचे. मी खोटे बोलले नाही. पाण्याची कड खरोखर साठवरच असायची. पण तिच्याखाली पाणी दर वर्षी कमी आणि गाळ दर वर्षी जास्त होता. नवव्या वर्षी माझे तीस आकडे गाळात होते, आणि पाटातून चारशेऐवजी जेमतेम दोनशे लिटर जात होते. कार्यालयाच्या कागदांवर नऊही वर्षे चारशेच होते. प्रत्येक महिन्याच्या शेवटी शेरा असे: कोटा पूर्ण.

काराजिदा तोंडाशीच असल्याने तिथे काम भागत होते. टंचाई सगळी खाली उतरत होती. कुमकिश्लाकमध्ये तुर्दीमातची धाकटी बहीण दिलेली होती, झुलहुमोर. नवरा वारलेला. तिने आणि आणखी अकरा घरांनी मिळून कापसाच्या पडीक जमिनीत जर्दाळूची दोनशे साठ झाडे लावली होती. सहा वर्षे बादल्यांनी, पाळीच्या पाण्याने, कसेबसे वाढवलेली. सातव्या वर्षी फळ धरायचे होते. त्या बागेसाठी चार घरांतली माणसे रशियातल्या बांधकामावरून परत आली होती. त्यांनी सांगितले होते, बाग धरली तर राहू, नाहीतर दाराला कुलूप.

पाणी का पोचत नाही, हे कुमकिश्लाकला कळत नव्हते. मग त्यांनी जे कळण्यासारखे होते ते धरले. मिरोब काराजिदाचा. पट्टीवर साठ. म्हणजे पाणी पुरते निघते आणि वाटेत नाहीसे होते. म्हणजे तुर्दीमात विकतो.

एक गोष्ट मी पाहिलेली नाही, तुर्दीमात माझ्याशेजारी बसून स्वतःशी बोलला म्हणून मला ठाऊक आहे. आमच्याकडे पाहुण्याला चहाचा प्याला अर्धाच भरून देतात. अर्धा म्हणजे बसा, पुन्हा भरू, घाई नको. काठोकाठ भरला तर अर्थ एकच, पी आणि ऊठ. त्या एप्रिलमध्ये तो बहिणीकडे गेला. चार माणसे बसली होती. झुलहुमोरने त्याच्यापुढे प्याला ठेवला तो काठोकाठ. वर म्हणाली, "घ्या आका. आमच्या गावात एवढंच भरून मिळतं."

तो प्याला त्याने सांडू न देता उचलला, संपवला आणि उठला. अकरा किलोमीटर चालत आला. सहासष्ट वर्षांचा माणूस.

मेच्या मध्यावर झुलहुमोर स्वतः माझ्यापाशी आली. सकाळी, वाचनाच्या वेळी, खांद्यावर फावडे. तिचा भाऊ काठावर बसला होता.

"किती आहे आका?"

"साठ."

"परवा?"

"साठ. तुला काय म्हणायचंय ते म्हण."

"सगळं कुमकिश्लाक म्हणतंय तेच. आमच्याकडं पोचतं ते एक चक्कीसुद्धा नाही. मी चक्कीवाल्याची मुलगी आहे, मला पट्टी नको, आवाजावरून कळतं."

तुर्दीमातने माझ्याकडे बोट केले. "ही माझी बहीण नाही, माझी बाजू घ्यायला. सरकारी आहे. तिला विचार."

ती पाटीकडे पाहून क्षणभर थांबली. खोदायला बंदी होती, पाण्यात काठी घालायला नव्हती. तिने फावडे उलटे केले आणि दांडा माझ्या अगदी शेजारी पाण्यात सोडला. तो तळाला टेकला. बाहेर काढून तिने ओली खूण अंगठ्याने धरली आणि कोरड्या काठावर पंजाने मोजली. मग माझ्या वरच्या आकड्यांवर तोच पंजा लावून पाहिला.

"पट्टीवर साठ," ती म्हणाली. "दांड्यावर तीस. मधले तीस कुठं गेले, आका?"

तुर्दीमातने फावडे तिच्या हातातून घेतले. तीन वेळा दांडा घातला, तीन ठिकाणी. तिन्ही वेळा तीस. मग तो काठावर बसला आणि दांड्यावरची ओली खूण अंगठ्याने पुसत राहिला.

"नऊ वर्षं," तो शेवटी म्हणाला, "मी गाळ मोजून तुम्हाला पाणी म्हणून देत होतो."

झुलहुमोरने त्याच्या हातातले फावडे परत घेतले नाही. ते तिने त्याच्यापाशी ठेवले आणि गेली.

तुर्दीमात नियमाने चालणारा माणूस. त्याने अर्ज केला. संस्थेकडे, तिथून जिल्ह्याला, तिथून खोऱ्याच्या कार्यालयाला. अठरा दिवसांनी उत्तर घेऊन नाझिमजोन आला. उत्तरात लिहिले होते की सदर ठिकाणचे वाचन नऊ वर्षे कोट्याप्रमाणे आहे, सबब गाळ साचल्याचे दिसून येत नाही. तरीही संरक्षित अंतरात खोदायची परवानगी हवी असल्यास ती समिती देईल.

"गाळ तुझ्या डोळ्यासमोर आहे, नाझिमजोन," तुर्दीमात म्हणाला. "दांडा घालून बघ."

"घालायला नको आका, मला दिसतोय. पण मला दिसणं वेगळं आणि समितीला दिसणं वेगळं."

"समिती कधी बसते?"

"ऑक्टोबरात."

"बरं. जर्दाळूंना कळवतो."

नाझिमजोन ओशाळला. त्याने समजावले की पट्टीचे रक्षण व्हावे म्हणूनच तर बंदी आहे, तुम्ही खोदले तर पट्टी बिघडेल. तुर्दीमातने विचारले, खोदले तर बिघडते, आणि नाही खोदले तर? नाझिमजोन म्हणाला, नाही खोदण्याबद्दल पाटीवर काही लिहिलेले नाही. हे तो खरेच बोलत होता. तो स्वतःसुद्धा आता कायदा पाटीवरूनच वाचत होता.

मित्रांनो, त्या क्षणी मला दुसरे वाक्य ठाऊक होते. शब्द न् शब्द. मी दोघांच्या मध्ये उभी होते.

नऊ जूनला कुमकिश्लाकची पाळी सुरू झाली. ऊन चांगले वर आल्यावर तुर्दीमात बहिणीचे फावडे घेऊन आला. त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि पाटीच्या कोपऱ्याला अडकवली. मला वाटते, पाटीचे अक्षर त्याला पाहावत नव्हते. मग तो पाण्यात उतरला. पलीकडे चायखान्यात काराजिदाची माणसे बसली होती. कोणी उठले नाही. "ती हुकुमताची जागा आहे, तुर्दीमात," तो म्हातारा तिथूनच म्हणाला, या वेळी न हसता. तुर्दीमातने मान वर केली नाही. थोड्या वेळाने कुमकिश्लाकहून एक ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत झुलहुमोर आणि अकरा बायका. त्यांनी वीस मीटर अंतर दोरीने वाटून घेतले, हशारात वाटतात तसेच. फक्त कढई नव्हती.

वाहत्या पाण्यातून गाळ काढणे सोपे नसते. दुपार उलटून गेली. माझ्या अंगावरचा गाळ सुटत गेला तसे पाणी उतरत गेले. साठ, पंचावन्न, पन्नास. नऊ वर्षांनी माझे खालचे आकडे मोकळे झाले. शेवटी तुर्दीमातने वाकून, हाताने, माझा शून्य पुसला. मग काठावर येऊन त्याने वाचन केले आणि नेहमीसारखा फोन लावला.

"चाळीस आहे," तो म्हणाला. "साठवर आण."

दारावरच्या माणसाने नियमाप्रमाणे दार उचलले. उचलता उचलता त्याला दोनदा विचारावे लागले, अजून? तुर्दीमात म्हणाला, अजून. मी साठवर आले, आणि या वेळी ते साठच्या साठ पाणी होते. चारशे लिटर. फ्ल्यूरा गारिफोव्नांचा तक्ता पुन्हा खरा झाला. झुलहुमोर काठावर उभी राहून आवाज ऐकत होती. "चार चक्क्या," ती म्हणाली. तिने भावाकडे पाहिले नाही, पण चार बोटे वर केली.

दोन दिवस कुमकिश्लाकला पाणी मिळाले. शेवटच्या झाडापर्यंत.

तिसऱ्या दिवशी मोठ्या कालव्यावर खालच्या जिल्ह्यात दोनशे लिटर कमी भरले. शोध लागला. जी समिती ऑक्टोबरच्या आधी बसू शकत नव्हती, ती तेरा जूनला सकाळी दहा वाजता बसली. माझ्या समोरच, काठावर, टेबल-खुर्च्या मांडून. फोटो काढले गेले. फावडे जप्त झाले. पाटीवर टोपी अडकवणे हा अवमान ठरला, म्हणून तीही जप्त झाली.

अध्यक्षांनी आरोप वाचला आणि त्यासाठी नियमावली उघडून सतरावे कलम वाचायला घेतले. सवयीने त्यांनी ते पूर्ण वाचले. दोन्ही वाक्ये.

तुर्दीमात उभा होता. "पुन्हा वाचा," तो म्हणाला.

"कोणतं?"

"मागचं. आता वाचलंत ते."

अध्यक्षांनी पाहिले आणि हळू आवाजात वाचले. गाळ दर वसंतात कार्यालयाने स्वतः काढावा आणि मोजणीचा तक्ता नव्याने करावा.

चायखान्यातली माणसेही तोवर जवळ आली होती. काराजिदाच्या म्हाताऱ्याने पाटीकडे पाहिले, मग कागदाकडे. नाझिमजोन जमिनीकडे पाहत होता. नऊ वर्षांपूर्वीचा तो दिवस, रंगाऱ्याची वीत, सगळे त्याला आठवले असावे. त्याचे कान लाल झाले होते. तो काहीतरी बोलणार होता, पण बोलला नाही. त्याला तीन मुले होती.

"त्याची वेगळी चौकशी होईल," अध्यक्ष म्हणाले.

ती झाली नाही.

निकाल चार दिवसांनी आला. संरक्षित अंतरात खोदल्याबद्दल तुर्दीमातला दंड आणि मिरोबच्या कामावरून कमी. बेचाळीस वर्षांच्या कामाबद्दल त्यात एकही ओळ नव्हती. पट्टी वादग्रस्त ठरल्याने काढून ताब्यात घ्यावी आणि तिथे विजेवर चालणारे यंत्र बसवावे. आणि कोट्याबद्दल समितीतल्या तज्ज्ञांनी असा विचार मांडला: हा पाट नऊ वर्षे प्रत्यक्षात दोनशे लिटरवर चालला. दोन्ही गावे जिवंत आहेत. याचा अर्थ त्यांची खरी गरज दोनशे लिटर आहे. सबब यापुढे कोटा दोनशे.

अशा रीतीने मित्रांनो, माझ्या चुकीचा कायदा झाला.

मला ज्या दिवशी उपटले, त्या दिवशी जर्दाळू पिकायला तीन आठवडे होते. पुढचे मी ऐकलेले सांगते. त्यानंतरच्या पाळ्यांना कुमकिश्लाकला पाणी पोचले ते पहिल्या तीन ओळींपर्यंत. जुलैत फळ गळाले, सप्टेंबरात पाने. दोनशे साठांपैकी एकवीस झाडे राहिली. ती झुलहुमोरच्या विहिरीजवळची. परत आलेल्या चार घरांची माणसे पुन्हा रशियाला गेली आणि या वेळी बायका-मुलांना घेऊन गेली. वाळलेली झाडे तंदुरात जळली. जर्दाळूच्या लाकडाला जळताना गोड वास येतो म्हणतात. त्या हिवाळ्यात कुमकिश्लाकच्या नानला तो येत होता.

माझ्या जागी आता चकचकीत यंत्र आहे. त्याच्याभोवती तेच दहा मीटर. पाटी नवी आहे, पहिलीपेक्षा दुप्पट मोठी. तिच्यावर पहिले वाक्य आहे आणि उरलेल्या जागेत कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक. यंत्रसुद्धा उंचीच मोजते. पहिल्या वसंतात त्याच्या पायाशी चार सेंटीमीटर गाळ बसला. कागदावर शेरा पडला: कोटा पूर्ण.

एकदा तुर्दीमात कार्यालयात आला होता. दंड भरल्याची पावती नाझिमजोनकडून शिक्का मारून घ्यायची होती. नाझिमजोन शिक्का आणायला कोठीत आला आणि दार उघडेच राहिले. तुर्दीमातने मला पाहिले. आत आला. नाझिमजोनने त्याला हटकले नाही, तो शिक्का शोधत राहिला, जरुरीपेक्षा जास्त वेळ.

तुर्दीमातने माझ्या खालच्या भागावर वाळलेला गाळ बाहीने पुसला. वरचे माझे आकडे उन्हाने उडाले आहेत, साठ तर वाचतासुद्धा येत नाही. पण शून्य ते तीस गाळाने झाकले होते. तिथला रंग तसाच आहे, काळा काळा आणि तांबडा तांबडा. दोन मिलीमीटरची चूक खरवडून पुन्हा काढलेले ते आकडे, काल रंगवल्यासारखे.

"हे बघ," तो नाझिमजोनला म्हणाला. "कुणी वाचलेच नाहीत."

नाझिमजोनने टोपी त्याच्या हातात ठेवली. पुरावा परत देता येत नाही, हे त्याला ठाऊक होते. तुर्दीमातलाही ठाऊक होते. त्याने ती हातात धरली, कडेची नक्षी अंगठ्याने चाचपली आणि पुन्हा होती त्या जागी ठेवली. जाताना त्याने एवढेच सांगितले, की झुलहुमोर आता प्याला अर्धा भरते. पण विहिरीचं पाणी खारट आहे, चहाला चव नाही.

मित्रांनो, तुमच्याही गावात माझ्यासारखी एखादी पट्टी असेल. धरणाच्या भिंतीवर, कालव्याच्या पुलाखाली, टाकीच्या बाजूला. तिच्यावरचा आकडा जरूर वाचा, पण तेवढ्यावर थांबू नका. एक काठी घ्या आणि तळ कुठे लागतो ते बघा. आणि पाटीवर कायद्याचे एक वाक्य लिहिलेले दिसले, तर दुसरे कुठे आहे ते विचारा. आम्ही विचारले नाही. आमच्याकडे सगळेच मान राखणारे होते.